विश्लेषण : केस पेपर एआयने लिहावा का? वर्ध्याच्या अपघात विभागांनी आधी विचारायचे प्रश्न

डॉक्टर आणि रुग्णाचे बोलणे ऐकून आपोआप नोंद तयार करणारे ‘एआय स्क्राइब’ अमेरिका आणि ब्रिटनच्या रुग्णालयांत वेगाने पसरत आहेत. भारतीय कंपन्याही हेच उत्पादन घेऊन डॉक्टरांच्या दारात उभ्या आहेत. सेवाग्राम, सावंगी, आर्वी किंवा हिंगणघाटच्या अपघात विभागात ते कितपत उपयोगी पडेल? वेळ नेमका कोणाचा वाचेल? आणि यंत्राने चुकीचे ऐकले, तर ते कोणाच्या जिवावर बेतेल?

एआय स्क्राइब म्हणजे नेमके काय?

स्क्राइब म्हणजे लेखनिक. एआय स्क्राइब हे मोबाइल किंवा संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर आहे. डॉक्टर रुग्णाशी बोलू लागले, की ते पार्श्वभूमीला ऐकत राहते. त्याचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात आवाजाचे शब्दांत रूपांतर होते. दुसऱ्या टप्प्यात चॅटजीपीटीसारखे भाषेचे मॉडेल त्या शब्दांतून वैद्यकीय नोंद तयार करते : तक्रार काय, कधीपासून, पूर्वीचे आजार, तपासणीत काय आढळले, उपचार काय ठरले. डॉक्टरने ती वाचायची, दुरुस्त करायची आणि सही करायची.

हे जुन्या ‘डिक्टेशन’पेक्षा वेगळे आहे. डिक्टेशनमध्ये डॉक्टर जे सांगेल तेच उमटते. इथे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे यंत्र ठरवते. सोय त्यातच आहे आणि धोकाही त्यातच आहे.

या बाजाराचा आकार एका व्यवहारावरून कळतो. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘न्युआन्स’ ही आवाज-तंत्रज्ञानातील कंपनी सुमारे १९.७ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. डॉक्टरांसाठीचे स्क्राइब हे तिचे महत्त्वाचे उत्पादन होते. भारतात मुंबईची ऑग्निटो, बंगळुरूची एका केअर अशा कंपन्या याच क्षेत्रात आहेत.

वर्ध्याने याचा विचार आताच का करावा?

वर्धा जिल्हा लहान आहे. आठ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख लोकसंख्या. पण वैद्यकीय नकाशावर तो लहान नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू केलेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय इथे आहे. सावंगी मेघे येथे १९९० पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. शिवाय वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, आर्वी आणि हिंगणघाटची उपजिल्हा रुग्णालये. यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीपासून तेलंगणाच्या सीमेपर्यंतचे रुग्ण इथे येतात.

संगणकाशीही वर्ध्याची ओळख जुनी आहे. देशातील अनेक सरकारी रुग्णालयांत हातानेच कारभार चालू होता, तेव्हा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने या शतकाच्या पहिल्या दशकात सी-डॅकच्या मदतीने रुग्णालयाची माहिती संगणकावर आणली. खेड्यातले रुग्णालय तंत्रज्ञान पेलू शकत नाही, हा समज इथे कधीच मोडला आहे. त्यामुळे वर्ध्यात एआय यावे का, यापेक्षा ते कुठल्या कामासाठी यावे आणि कुठल्या अटींवर, हा खरा प्रश्न आहे.

डॉक्टरांचा वेळ खरोखर कागदात जातो का?

जातो, आणि त्याची मोजदाद झालेली आहे. २०१३ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात आपत्कालीन विभागातील डॉक्टरांच्या हालचाली मिनिटामिनिटाने टिपल्या गेल्या. त्यांचा ४३ टक्के वेळ संगणकात माहिती भरण्यात जात होता आणि प्रत्यक्ष रुग्णापाशी फक्त २८ टक्के. गर्दीच्या दहा तासांच्या पाळीत एका डॉक्टरला माउसवर जवळपास ४,००० वेळा क्लिक करावे लागत होते. २०१६ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मधील अभ्यासाने इतर विभागांतल्या डॉक्टरांबद्दल असेच सांगितले : रुग्णासोबतच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणक आणि टेबलावरचे काम.

हे आकडे अमेरिकेचे आहेत आणि तिथला बराचसा कागद विम्याच्या बिलासाठी असतो. आपल्याकडे कारणे वेगळी, पण कागद कमी नाही. विषबाधेचा एक रुग्ण आला, तर काय काय लिहावे लागते ते बघा. केस पेपर, अपघात विभागाचे रजिस्टर, एमएलसी म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरणाचे रजिस्टर, पोलीस चौकीला सूचना, रक्त तपासणीचे फॉर्म, संमतीपत्र, आयसीयूत हलवताना नोट, औषधांची चिठ्ठी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसवायचे असेल तर त्याची कागदपत्रे. दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचे असेल तर रेफरल चिठ्ठी. यात नाव, वय, पत्ता, वेळ आणि तीच हकिगत पुन्हा पुन्हा लिहिली जाते.

एआयने आतापर्यंत किती वेळ वाचवला?

इथे जाहिरात आणि आकडे यांत अंतर पडते. कॅलिफोर्नियातील ‘पर्मनंट मेडिकल ग्रुप’ने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या हजारो डॉक्टरांना एआय स्क्राइब दिले. वर्षभरानंतर त्यांनी जाहीर केले, की २५ लाखांहून अधिक भेटींमध्ये मिळून १५,७९१ तास वाचले. आकडा भारदस्त आहे. पण भागाकार करून पाहा. १५,७९१ तास म्हणजे साधारण ९ लाख ४७ हजार मिनिटे. त्याला २५ लाखांनी भागले, की एका भेटीमागे जेमतेम २२-२३ सेकंद येतात.

याचा अर्थ ते निरुपयोगी आहे, असे नाही. रुग्णाकडे बघून बोलता येते, घरी जाऊन नोंदी पूर्ण करण्याचा ताण कमी होतो, असे डॉक्टर सांगतात आणि ते महत्त्वाचे आहे. पण ‘डॉक्टरांचे निम्मे काम संपले’ असे कोणी सांगत असेल, तर हा भागाकार समोर ठेवावा. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात २३८ डॉक्टरांवर दोन वेगवेगळ्या स्क्राइबची चाचणी झाली. एकाने नोंद लिहिण्याचा वेळ सुमारे १० टक्क्यांनी कमी केला, दुसऱ्याने लक्षणीय फरक पाडला नाही. म्हणजे कुठले उत्पादन घेता, यावरही बरेच अवलंबून आहे.

आपत्कालीन विभागापुरते चित्र थोडे बरे दिसते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या, ७,००० हून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या चाचणीत आपत्कालीन विभागात एका पाळीत पाहिल्या गेलेल्या रुग्णांची संख्या १३.४ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले.

आणि इथे एक जुना अभ्यास आठवावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील पाच रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत डॉक्टरांसोबत हाडामांसाचे लेखनिक उभे केले गेले. २०१९ मध्ये ‘बीएमजे’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एक डॉक्टर तासाला १.१३ रुग्ण पाहत होता, तो १.३१ पाहू लागला, म्हणजे जवळपास १६ टक्के वाढ. रुग्णाचा विभागातला मुक्काम १९ मिनिटांनी घटला. म्हणजे आपत्कालीन विभागासाठी यादृच्छिक चाचणीतून मिळालेला एक भक्कम पुरावा माणसाच्या बाजूचा आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

वर्ध्याच्या अपघात विभागात लिहितो कोण?

परदेशात स्क्राइबचा हिशेब सोपा आहे. महागड्या तज्ज्ञ डॉक्टरचा कीबोर्डवरचा वेळ वाचवायचा. आपल्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत तज्ज्ञ फारसे लिहीत नाहीत. लिहितात ते इंटर्न आणि पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, बहुतेकदा बॉलपेनने. रात्री दोन वाजता एकाच वेळी सर्पदंश, हायवेवरचा अपघात आणि छातीत कळ आलेला रुग्ण आला, की एक जण शिरेत सुई शोधत असतो आणि दुसरा फॉर्म भरत असतो.

त्यामुळे स्क्राइबचा फायदा मोजायचा तर इंटर्नच्या तासांत मोजावा लागेल. आणि तिथे एक अडचण आहे. स्क्राइब वर दिलेल्या यादीतला फक्त एक कागद लिहितो : केस पेपरवरची हकिगत आणि तपासणी. बाकी रजिस्टरे, सूचना, फॉर्म तसेच राहतात. ते कागद विचार करून लिहायचे नसतात, तीच माहिती उतरवायची असते. त्यासाठी एआयची गरज नाही. एकदा भरलेली माहिती सगळ्या फॉर्ममध्ये आपोआप जाईल, एवढी साधी व्यवस्था पुरते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा डेटाबेसचा धडा हाच आहे : एक माहिती एकाच ठिकाणी साठवा.

बाह्यरुग्ण विभागात याची सुरुवात झाली आहे. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये ‘स्कॅन अँड शेअर’ सोय आहे. रुग्णाने मोबाइलने क्यूआर कोड स्कॅन केला, की नाव-पत्ता नोंदणी खिडकीवर पोहोचतो. अपघात विभागात बेशुद्ध रुग्णाकडून हे होणार नाही. पण १०८ रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि रुग्ण उचलल्यापासूनची नोंद तिथेच सुरू होते. ती नोंद रुग्णालयाच्या संगणकात रुग्ण पोहोचण्याआधी उतरली, तर दारात पुन्हा ‘नाव काय, गाव काय’पासून सुरुवात करावी लागणार नाही.

‘दवाई घेतली’ म्हणजे काय?

आता सर्वांत नाजूक मुद्दा, भाषेचा. विदर्भात ‘औषध’ आणि ‘दवाई’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. डॉक्टरने दिलेली गोळीही दवाई आणि कपाशीवर फवारायचे कीटकनाशकही दवाई. ‘रातच्याला त्यानं दवाई घेतली’ हे वाक्य अपघात विभागात कोणी रडत रडत सांगितले, तर इथल्या प्रत्येक सिस्टरला आणि वॉर्डबॉयला त्याचा अर्थ कळतो. माणूस विष प्यायला आहे. मुंबईत किंवा बंगळुरूत घडवलेले मॉडेल त्याची नोंद ‘रुग्णाने रात्री नियमित औषध घेतले’ अशी करू शकते. नोंद नीटनेटकी दिसेल, व्याकरण शुद्ध असेल आणि अर्थ उलटा असेल.

हे उदाहरण मुद्दाम निवडलेले नाही. कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाची विषबाधा हे अपघात विभागाचे रोजचे काम आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील विष असेल, तर अ‍ॅट्रोपिन किती आणि किती मिनिटांनी दिले याची नोंद जीव वाचवते. फुप्फुसे मोकळी होईपर्यंत डोस दर काही मिनिटांनी वाढवत न्यावा लागतो. पाळी बदलताना पुढचा डॉक्टर कागदावर विश्वास ठेवून पुढचा डोस ठरवतो.

सर्पदंशाचेही तसेच. नाग, मण्यार, घोणस की फुरसे, हे कळले नाही तरी चालते, कारण आपल्याकडची प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर चालते. पण चावल्याची वेळ लागते. आणि वेळ घड्याळात सांगितली जात नाही. ‘दिवस बुडता बुडता’, ‘पायटी वावरात गेलो तवा’, ‘जेवणं झाल्यावर’. ऐकणाऱ्याने त्यातून ‘साडेसहाच्या सुमारास’ काढायचे असते. ‘पोटात लय दुखून राह्यलं’ आणि ‘जीव घाबरून राह्यला’ यात वऱ्हाडी कान असलेल्या डॉक्टरला फरक कळतो. त्यात मराठीत हिंदी मिसळते, सीमेकडच्या रुग्णाची तेलुगू येते, डॉक्टर आपसांत इंग्रजीत बोलतात.

मराठी बोलणे ओळखणारी मॉडेल आज आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प आणि आयआयटी मद्रासचा ‘एआय फॉर भारत’ गट यांनी आठव्या परिशिष्टातील २२ भाषांसाठी मोठे काम केले आहे. पण प्रमाण मराठीत शांत खोलीत केलेले ध्वनिमुद्रण वेगळे आणि मॉनिटरचे बीप, स्ट्रेचरची चाके, पाच नातेवाइकांचा गलका यात बोललेली वऱ्हाडी वेगळी.

यंत्र न बोललेलेही लिहिते का?

लिहिते. २०२४ मध्ये कॉर्नेल आणि इतर विद्यापीठांच्या संशोधकांनी ओपनएआयच्या ‘व्हिस्पर’ या आवाज ओळखणाऱ्या मॉडेलची तपासणी केली. सुमारे १ टक्का ध्वनितुकड्यांत त्याने कोणी बोललेच नव्हते अशी वाक्ये घातली होती. त्यातील ३८ टक्के वाक्ये हानिकारक ठरू शकतील अशी होती. बोलताना लांब थांबे घेणाऱ्यांच्या, वाचा अडखळणाऱ्यांच्या आवाजात हे प्रमाण जास्त होते.

अपघात विभागातला रुग्ण असाच बोलतो. धाप लागलेला, पक्षाघाताने जीभ जड झालेला, वेदनेने मध्येच थांबणारा. यंत्राला शांतता आवडत नाही आणि ती ते भरून काढते.

एक टक्का कमी वाटतो म्हणून एक हिशेब करू. समजा एका अपघात विभागात दिवसाला ८० रुग्ण येतात आणि शंभरातली फक्त एक नोंद बिघडते. वर्षाला २९,२०० नोंदी, म्हणजे २९२ चुकीचे केस पेपर. आठवड्याला पाच ते सहा. डॉक्टर प्रत्येक नोंद वाचून सही करेल, हे त्यावरचे उत्तर सांगितले जाते. पण गर्दीमुळे लिहायला वेळ नाही म्हणून यंत्र आणले, त्याच गर्दीत वाचायला वेळ मिळेल का? पन्नास नोंदी बरोबर निघाल्या, की एकावन्नावी न वाचता सही होते. माणसाचा स्वभाव असा आहे आणि कोणत्याही नियमाने तो बदलत नाही.

‘कोण बोलले’ याला इतके महत्त्व का?

कारण अपघात विभागातला केस पेपर अनेकदा न्यायालयात जातो. भाजलेली विवाहिता आणली जाते. सोबत नवरा, सासू, दीर. ‘स्टोव्ह भडकला’ असे कोणीतरी सांगते. हे कोणी सांगितले? तिने स्वतः, की तिच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाने? नोंदीत ‘रुग्णाने सांगितले’ आणि ‘नातेवाइकाने सांगितले’ या दोन शब्दांच्या फरकावर पुढे खटला फिरू शकतो. एकाच वेळी अनेक जण बोलत असताना कोणता आवाज कोणाचा, हे वेगळे करणे हे या तंत्रज्ञानातील आजही कठीण काम आहे.

अनुभवी डॉक्टर अशा वेळी नातेवाइकांना बाहेर पाठवतो, थांबतो आणि पुन्हा विचारतो. ती जे बोलत नाही, तेही तो बघतो. हातावरच्या जुन्या वळांची नोंद बोलण्यातून येत नाही, डोळ्यांतून येते. ऐकणाऱ्या यंत्राला हे दिसत नाही. म्हणून एमएलसीची हकिगत आणि मृत्युपूर्व जबाबाशी संबंधित कोणतीही नोंद डॉक्टरच्या हातानेच व्हावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडताना कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. मूळ ध्वनिमुद्रण ठेवले तर ते मागवले जाऊ शकते. पुसले, तर ‘का पुसले’ हा प्रश्न बचाव पक्षाचा वकील विचारणारच.

रुग्णाला विचारायचे कधी?

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. नोटीस रुग्णाला इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे. जिवाला धोका असलेल्या वैद्यकीय आणीबाणीत संमतीशिवाय माहिती वापरण्याची सूट कायद्यात आहे. ती योग्यच आहे. पण ती सूट उपचारासाठी आहे. त्याच ध्वनिमुद्रणावर कंपनीने आपले मॉडेल शिकवणे म्हणजे उपचार नव्हे. बेशुद्ध रुग्णाच्या घरच्यांचा आक्रोश कोणाच्या सर्व्हरवर साठतो, किती दिवस राहतो, हे खरेदीच्या करारात लिहिलेले असले पाहिजे. ‘आमची प्रणाली सुरक्षित आहे’ या वाक्यावर भागू नये.

या रुग्णांपैकी अनेक जण विष प्यायलेले असतात, मारहाण झालेले असतात, गर्भपातानंतर रक्तस्राव होऊन आलेले असतात. गावात कळू नये म्हणून ते दूरच्या रुग्णालयात येतात. टेबलावरचा मोबाइल ऐकतो आहे असे कळले, तर ते खरे सांगतील का? आणि कळलेच नाही, तर ती फसवणूक होते.

मग नाही म्हणावे का?

नाही. कागदाच्या ओझ्यालाही बळी असतात, फक्त त्यांची मोजदाद कोणी करत नाही. फॉर्म भरताना न पाहिलेला रुग्ण, वाचता न येणाऱ्या अक्षरामुळे चुकलेला डोस, तिसऱ्या रात्रपाळीत ‘वरीलप्रमाणे’ लिहून संपवलेली तपासणी. हाताने लिहिलेल्या नोंदी निर्दोष आहेत आणि यंत्राच्या सदोष, असा सामना नाही. चांगला स्क्राइब वेळा अचूक टिपू शकतो. ‘२.१० ला दुसरा डोस’ असे डॉक्टर मोठ्याने म्हणाला, की घड्याळासह नोंद होते. सीपीआर सुरू असताना कोणाचेच हात मोकळे नसतात. तिथे ऐकणारा लेखनिक खरोखर कामाचा आहे.

इंटर्नच्या शिक्षणाचा मुद्दाही दोन्ही बाजूंनी आहे. रुग्णाच्या विस्कळीत बोलण्यातून क्रम लावून हकिगत लिहिणे म्हणजेच निदान करायला शिकणे. ते काम पहिल्या दिवसापासून यंत्राला दिले, तर तयार नोंदीवर सही करणारा डॉक्टर घडेल. पण तेच नाव-पत्ता-वय सात ठिकाणी लिहून कोणी काही शिकत नाही. काय काढून घ्यायचे आणि काय ठेवायचे, याची रेघ इथे मारता येते.

म्हणून क्रम असा असावा.

पहिले, फॉर्म एकत्र करा. एकदा लिहिलेली माहिती सर्व रजिस्टरांत जाऊ द्या. याला एआय लागत नाही आणि इंटर्नचा सर्वांत निरर्थक वेळ इथेच वाचेल.

दुसरे, माणूस लेखनिकाचा पर्याय खुला ठेवा. १९९० च्या दशकापासून भारतातली मुले अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नोंदी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या नावाखाली लिहीत आली आहेत. वर्ध्याच्या विज्ञान पदवीधर मुला-मुलींना काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन रात्रपाळीला उभे केले, तर ‘दवाई’चा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. व्हिक्टोरियाच्या चाचणीने हा मार्ग चालतो, हे दाखवलेले आहे. एआयच्या निविदेसोबत हा खर्चही मांडून तुलना व्हावी.

तिसरे, एआय आणायचेच तर चाचणी इथे करा. कंपनीचा अचूकतेचा आकडा कुठल्या भाषेतला, कुठल्या खोलीतला, हे विचारा. सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही ठिकाणी संशोधनाची परंपरा आहे. दोघांनी मिळून वऱ्हाडीतील आजार, वेळ, विष आणि साप यांच्या शब्दांची यादी करावी, संमतीने घेतलेल्या नमुन्यांवर यंत्र तपासावे आणि तीन प्रकारच्या चुका वेगवेगळ्या मोजाव्यात : गाळलेले, घुसडलेले आणि चुकीच्या तोंडी घातलेले. निकाल चांगला असो वा वाईट, जाहीर करावा.

चौथे, सुरुवात कमी गंभीर रुग्णांपासून करा. एमएलसी, लैंगिक अत्याचार, भाजलेले रुग्ण आणि विषबाधेची पहिली हकिगत यातून वगळा. औषधाचे नाव, डोस आणि वेळ या तीन गोष्टी डॉक्टरने स्वतंत्रपणे खूण केल्याशिवाय नोंद पूर्ण होऊ नये.

पाचवे, रुग्णाला मराठीत सांगा, भिंतीवर लिहा, ‘नको’ म्हणण्याची सोय ठेवा आणि तयार झालेली नोंद त्याला द्या. २००२ च्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहेच. नोंद मराठीत वाचायला मिळाली, तर ‘मी असं म्हणालो नव्हतो’ हे सांगणारा पहिला माणूस रुग्ण किंवा त्याचा भाऊ असेल. चूक पकडण्याची यापेक्षा स्वस्त व्यवस्था कोणतीही कंपनी विकत नाही.

शेवटी जबाबदारीचा प्रश्न उरतो. चुकीच्या नोंदीवरून चुकीचा डोस गेला तर दोष कोणाचा? आजच्या व्यवस्थेत उत्तर स्पष्ट आहे : ज्याची सही त्याचा. म्हणजे पहाटे चार वाजता पन्नासावी नोंद न वाचता मंजूर करणाऱ्या तेवीस वर्षांच्या इंटर्नचा. यंत्र विकणारी कंपनी, ते विकत घेणारे व्यवस्थापन आणि एका पाळीत किती डॉक्टर असावेत हे ठरवणारे सरकार यांतले कोणीच त्या कागदावर सही करत नाही. करारात चुकीच्या नोंदीसाठी कंपनीची जबाबदारी लिहून घेतली आणि वाचलेला वेळ आणखी रुग्ण कोंबण्यासाठी वापरणार नाही असे व्यवस्थापनाने कबूल केले, तरच हे यंत्र डॉक्टरच्या मदतीला आले असे म्हणता येईल. हे दोन मुद्दे निविदेच्या पहिल्या पानावर नसतील, तर वर्ध्यातल्या रुग्णालयांनी खरेदीची घाई करू नये.